मूळ उतरलेली रांग

ती रांग सोडून, साहेब—भिंतीलगतची ती—ती सोडून बाकी कुठलंही रोप उचला, मी नाही म्हणणार नाही. हो, हो, दिसतंय मला, तीच सगळ्यात हिरवीगार आहे, सगळ्यांचा हात आधी तिथंच जातो. पण ती विकायची नाहीत. म्हणजे विकायचीच आहेत, पण तुम्हाला नाही. बसा आधी, ते स्टूल घ्या—एक पाय आखूड आहे त्याचा, भिंतीला टेकवून बसा—आणि मला सांगा, पाणी कुठलं तुमच्याकडे? बोअरचं? मचूळ ना? बादलीच्या कडेला पांढरं धरतं ना? मग झालं तर. आधी पाणी सांगायचं, मग ऊन सांगायचं, मग झाड मागायचं. लोक उलटं करतात. फोटोत गुलाब बघतात नि गुलाब मागतात, आणि महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या की म्हणतात, आमच्या हाताला यशच नाही. हाताला काय झालंय? तुमच्या पाण्याला ते झाड मानवत नाही, एवढंच. आता हे करंज बघा, ही कण्हेर, ही बोगनवेल—जन्मल्यापासून हेच मचूळ पाणी पितायत, हाच भट्टीसारखा वारा खातायत. यांना तुमच्याकडे नवीन काहीच वाटणार नाही.

आणि मला तरी कुठं हौस होती मचूळ पाण्याची? येताना भिंतीपलीकडची ती थोरली पाटी वाचलीत ना—'हीच मूळ नर्सरी'? ती माझ्या धाकट्या दिराची. हे दोघं भाऊ, आणि नर्सरी उभी केली ती ह्यांनी, माझ्या मालकांनी—धाकटा तेव्हा शाळेत होता. हे गेले, आणि महिना उलटायच्या आत भिंत उभी. रस्त्याकडची बाजू त्याला, विहीर त्याला, टेम्पो त्याला, आणि मला काय? ही मागची पट्टी आणि ही बोअर. 'वहिनी, तुम्हाला झेपेल एवढंच ठेवलंय,' म्हणाला. झेपेल एवढं! बावीस वर्षं मी रोपांना पाणी घातलंय त्या विहिरीचं, तळाची पायरीसुद्धा डोळे मिटून सांगेन, आणि मला झेपत नाही म्हणे. तेही गिळलं असतं मी. पण ती पाटी? मूळ! ह्यांनी लावलेलं मूळ, आणि पाटी ह्याची! त्या दिवशी ठरवलं, मूळ हवंय ना तुला, थांब, मी तुझ्या मुळावरच येते.

हसताय? हसा. तशी माझी निम्मी कामं त्याच्या विहिरीनंच करून टाकली. गोड पाण्यावर, गार जाळीखाली वाढवलेली त्याची रोपं—दिसायला कशी, लग्नघरातल्या मुलींसारखी—आणि इथल्या कुणाच्याही अंगणात नेली की माना टाकतात. मग ते लोक येतात माझ्याकडे, रिकाम्या कुंड्या घेऊन. फाटकापाशी त्या उपड्या कुंड्यांची रांग बघितलीत? सगळ्या त्याच्या. नाव छापलेली बाजू मुद्दाम रस्त्याकडे केलीय मी. लोक थांबून वाचतात. तोही वाचतो, जाता-येता—मी त्या टाकीवर चढून बघितलंय त्याला वाचताना. गुडघे दुखतात माझे, डॉक्टर म्हणाल्या पायऱ्यासुद्धा चढू नका, पण त्या टाकीवर मी चढते.

आता त्या रांगेचं विचारत होतात ना? सांगते—तुम्ही भले दिसता, कुणाला बोलणार नाही. पिशवीतलं रोप एका जागी फार दिवस ठेवलं ना, की बुडाच्या भोकातून त्याचं मूळ जमिनीत उतरतं. आम्ही म्हणून दर दोन महिन्यांनी पिशव्या हलवतो, उतरलेलं मूळ कापतो, पंधरा दिवस सावलीत ठेवतो, मग विकतो. ह्यांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच. एकही पिशवी न हलवता विकायची नाही, म्हणायचे, ते विकणं नव्हे, ते फसवणं. आणि ती भिंतीलगतची रांग मी दीड वर्षं हलवलेली नाही. म्हणून तर एवढी माजलीय! पिशवी नावाला, जेवतायत खालच्या जमिनीत. आता उचललं की काय होणार? तटकन आवाज येतो—बस. मुख्य मूळ राहिलं इथं. वर पानं हिरवी, आठ दिवस कळत नाही, दहा दिवस कळत नाही, आणि मग एकदम सगळं झाड वाळतं. कुणी कितीही पाणी घाला.

कुणासाठी म्हणजे काय? त्याच्यासाठीच! स्वतःची जगत नाहीत, एक ना एक दिवस माझ्याच रोपांवर येणार, ठाऊक होतं मला. दीड महिन्यापूर्वी एक माणूस आला, वीस करंज हवेत म्हणाला, चांगल्यातले चांगले द्या, जगलेच पाहिजेत. मालकाचं नाव सांगेना. बाहेर टेम्पो उभा. आता तो टेम्पो मी ओळखणार नाही? नवा रंग मारलाय, पण डाव्या दाराला पोचा आहे तस्साच—ह्यांनी मागे घेताना ह्याच टाकीला ठोकला होता. म्हणजे बघा! स्वतःची मरतात, म्हणून माझी रोपं चोरून न्यायची, आपली चिठ्ठी लावायची, आणि मिरवायचं—मूळ नर्सरी! मी गोड हसले. म्हटलं, भिंतीलगतची न्या, माझी सगळ्यात लाडकी आहेत. माझ्या हातानं उपटून दिली, वीसच्या वीस. प्रत्येकाचा तटकन आवाज ऐकला आणि खरं सांगू? बरं वाटलं. हे गेल्यापासून एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. उरलेली वीस तशीच ठेवलीयत, पुन्हा येईल म्हणून. नुसतं कुठं, कुणाच्या दारात त्याचं हसं झालं तेवढं कळत नाहीये. रोज कान लावून बसते.

पण माझंच पुराण चाललंय. तुम्हाला किती हवीत? वीस? अगं बाई, एवढी? शाळेसाठी—मग सर म्हणायला हवं तुम्हाला, मी आपली साहेब साहेब करतेय. कुठली शाळा? पुलापलीकडची? हे तिथं माळी होते की लग्नाआधी! घंटेपाशी ते जुनं झाड आहे ना, ह्यांच्या हातचं. धाकट्याला त्याच शाळेत सायकलवर पुढं बसवून न्यायचे. बरं, लावायची कुठं—फाटकापासून घंटेपर्यंत, दोन्ही बाजूंनी? छान. करंजच लावा. हो? आधीही करंजच होते? आणि?

सगळे वाळले. वीसच्या वीस. एकदम. थांबा, थांबा सर—कधी लावले होते? दीड महिना. अहो मग तेच! तेच ते! मूळ नर्सरीवाल्याकडून आले ना? सांगा ना, कसे वाळले, आधी शेंडा गेला ना? आणि लोक काय म्हणाले? त्याला बोलावून घेतलंत की नाही, सगळ्यांसमोर चांगलं फैलावर घेतलंत की नाही? नाही कसं? एवढी शाळेची शोभा घालवली त्यानं आणि तुम्ही—

भेट दिले होते? विकले नाहीत?

कसली पाटी? मोबाइलवर काय दाखवताय, मला जवळचं दिसत नाही—चष्मा—इथंच होता कुठंतरी, हा, द्या. मोठं करा जरा. 'या शाळेचे पहिले माळी'—आणखी मोठं करा. पुढचं नाव.

पुढचं नाव वाचा सर. तुम्हीच वाचा.

बरं.

त्यानं लावली ही पाटी? धाकट्यानं? स्वतः खड्डे खणले? आणि रोपं कुठून आणली ते सांगितलं तुम्हाला. काय सांगितलं—नीट सांगा, तो बोलला तसंच सांगा. 'माझ्याकडची जगायची नाहीत, ही वहिनीच्या हातची आहेत, ही जगतील.' असं म्हणाला? मग स्वतः का नाही आला मागायला? मी काय खाल्लं असतं त्याला? एकदा फाटकात उभं राहून वहिनी म्हणाला असता—हाकललं असतं मी, हो, हाकललंच असतं. पण झाडं चांगली दिली असती! दादाच्या नावाची म्हणाला असता तर सावलीत ठेवून, मूळ कापून, महिनाभर आधी तयार करून दिली असती हो मी!

म्हणून तुम्ही इथं आलात. त्यानं पाठवलं? नाही? स्वतःच आलात. मग तो काय म्हणतो? दोष कुणाला देतो? माझंच नाव घेत असेल.

नाही घेत.

आपल्याच हातून पाणी कमी पडलं, म्हणतो. रोज सकाळी येतो? अजूनही? त्या काटक्यांना? टेम्पोत कॅन भरून—कुठलं पाणी? विहिरीचं? विहिरीचं गोड पाणी घालतो?

नाही, मला काही झालं नाही. स्टूल नको, तुम्ही बसा. नाही, बसू पण नका, उठा आता. आज काही मिळणार नाही. ही रांग नाही, कुठलीच नाही. पंधरा दिवसांनी या, पिशव्या हलवायला हव्यात, सावलीत ठेवायला हव्यात, तशी विकायची नसतात. हात नका लावू सर त्या रांगेला, म्हटलं ना!

फाटक ओढून घ्या. आणि त्याला एवढं सांगा, पाणी घालू नको म्हणावं. खाली मूळ नाहीये. कुणी सांगितलं ते विचारलं तर—जा ना आता तुम्ही.