कोंडवाड्यातला ड्रोन

माझा बाप गुराखी, मीबी गुराखीच, शाळा दुसरीपत्तर, त्यातबी निम्मे दिवस गुरांमागं. पुढं ग्रामपंचायतीनं कोंडवाडा माझ्याकडं दिला, तो गुरं राखता राखता बावीस वर्सं सांभाळला. घोटीच्या या अंगाला कुणालाबी इचारा, केरूच्या हातून फुकट जनावर सुटलं का. मोकाट ढोर दुसऱ्याच्या पिकात शिरलं की माझ्याकडं यायचं, मागनं गुराखी यायचा, त्याला मी एकच इचारायचो, ते शिरलं तवा तू बघत होतास का. नाय म्हणाला की चूक कबूल झाली, दावं सोडायचो. बघत होतो म्हणाला तर मंग शिरू का दिलं ते सांग, आणि तवर बस तिथंच.

आता काय सांगू तुम्हाला, लिहून घ्या हे नीट. शेजारच्या बाळूनं माळावरच्या गवतावर तणनाशक मारायला ड्रोन बोलावला. उडवणारा पोरगा, पाइलट म्हणायचं त्याला, तो तिकडं टेकाडाच्या पलीकडं सावलीत, मान खाली घालून हातातल्या पडद्यात. मधी माझी आंब्याची रांग. त्याचं यंत्र घूं घूं करत आंबे वलांडून माझ्या भाताच्या रोपावर आलं, वास आला, मी वरडलो, कोण ऐकतंय. मंग बॅटरी संपली का काय, माझ्याच बांधावर येऊन बसलं. मी दावं घेतलं, दोन पायांना गाठ मारली आणि गोठ्यात बैलाशेजारी खुंट्याला बांधलं. बायको, सखू, म्हणाली, अहो, सरकारी असंल. म्हटलं, सरकारी असलं तरी शिरलंय माझ्या वावरात.

पाइलट आला, काका म्हणाला, गोड बोलला. मी तेच इचारलं. तर म्हणतो, मला दिसतच होतं की, पडद्यावर. तिसऱ्या दिवशी रोप पिवळं पडलं, सगळे वाफे, वर्साचं भात व्हतं ते माझं. मंग मीच पंचायतीत सरपंचबाईंपुढं त्याला बोलावलं. बाई म्हणाल्या, नियम काय हाय तो वाच. त्यानं मोबाइलवर वाचला, मी दोनदा वाचायला लावला. ड्रोन उडवणाऱ्याच्या नजरेसमोर पायजे, उघड्या डोळ्यांनी, चष्मा चालतो, दुर्बीण चालत नाय. आता मला अक्षर येत नाय, पण एवढं कळतं, दुर्बीण चालत नाय तर पडदा कसा चालंल. पोरगा म्हणतो, काका, नियमाचा अर्थ लावायचा असतो, पडद्यावर अख्खं वावर दिसतं, नजरेपेक्षा चांगलं दिसतं. अख्खं वावर दिसतं, मंग माझं रोप तेवढं दिसलं नाय का रे तुला.

मंग त्याला सुचली अक्कल. तुम्ही तरी बघितलं का ड्रोन फवारताना, म्हणाला, आणि गेला हापशापाशी, तिथनं बोटं वर केली, सांगा किती. मी म्हटलं दोन. चार होती. लोक हसले, बाळू सगळ्यात जास्त हसला, ज्याच्या बापाची म्हैस मी तीनदा सोडलीय. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय माझ्या, गावाला ठावं हाय. मी उठलो आणि म्हटलं, "मला दिसंना झालं त्या दिवशी मी गुरं राखायचं सोडलं. तुला दिसंना झालं तवा तू उडवायचं का सोडलं नाय?"

सरपंचबाई म्हणाल्या, द्या सोडून, वय झालं तुमचं. वयाचा काय संबंध, म्हटलं, त्यानं तीन शब्द म्हणावे, मला दिसत नव्हतं, अन् घेऊन जावं. पोलिसात जातो म्हणाला. जा म्हटलं, तिथंबी हेच इचारतील. गेला नाय अजून.

रोप तर गेलं. हरसूलच्या पाव्हण्यांकडनं उरलेलं मागून आणलंय, जमंल तेवढी लावणी करू. यंत्र खुंट्यालाच हाय, चारा खात नाय एवढं बरं, बैलबी आता त्याला हुंगायचा थांबलाय. पाइलट रोज येतो, गोठ्याच्या दारात उभा राहतो, तीन शब्द गिळतो आणि यंत्रावरनं नजर हटवत नाय, कुणी हात तर लावत नाय ना. देव त्याचे डोळे असेच ठेवो. राहू दे उभा. आता बरोबर नजरेसमोर हाय त्याच्या.