मंगळवारी आमचं बंद असतं

—नाही नाही, बोलू नका मॅडम, बोललात की पॅक तडकतो, मग गालावर नुसत्या भेगा आणि लावल्याचा उपयोग शून्य — मान हलवा फक्त. डोळे मिटलेत ना? काकडी ठेवते. गार लागेल हं. हां. आता वाळेपर्यंत असंच पडून राहायचं, पंखा बारीक केलाय, आणि तेवढ्यात दीक्षा येईलच. तुम्ही दारातून आत आल्या आल्या "दीक्षा आहे का, दीक्षा" म्हणालात ना, तेव्हाच ओळखलं मी, मेंदीवाल्या असणार. सगळ्यांना दीक्षाच पाहिजे. आई काय, आई आपली आयब्रोपुरती! गेलीय कर्जतला मेंदीचे कोन आणायला — पुलापलीकडे तर बाजार, स्कूटी घेऊन गेलीय, पण मे महिना ना, लग्नं उरावर, दुकानात पाय ठेवायला जागा नसेल. तुम्ही मघाशी काहीतरी सांगत होतात, मी म्हटलं आधी बसा, उन्हातून आलात, चेहरा किती रापलाय — रागावू नका हां, मी तोंडावर बोलते. आमचे हे म्हणतात, तू गिऱ्हाइकाला बोलू देशील तर तुला कळेल त्याला काय हवंय. मी म्हणते, चेहरा बघितला की कळतं मला, बोलायला कशाला हवं? आता तुम्हाला फेशियलची गरज होती की नाही? होतीच. बघा.

पॅक कसा वाटतोय? चुरचुरत नाही ना? नाही चुरचुरणार, दीक्षानंच केलाय तो. माझी लेक म्हणून सांगत नाही, पण पोरगी डोक्यानं तेज आहे — बीएस्सीला आहे, केमिस्ट्री, आता शेवटचं वर्ष लागेल. पण खोड काय आहे माहितीय, प्रत्येक गोष्ट आधी लावून बघायची. गिऱ्हाईक आलं की म्हणते, "काकू, कानामागे जरासं लावते, उद्या या, लाल झालं नाही तर चेहऱ्याला लावू." उद्या या! अहो, बाई आज सवड काढून आलीय, ती उद्या कशाला येतेय, ती जाते समोरच्या पार्लरमध्ये. दिवाळीत तर कहर केला. मी होलसेलवाल्याकडून ब्लीचचा आख्खा बॉक्स आणलेला, हिनं स्वतःच्या हाताला लावून बघितलं, म्हणाली, "आई, हे नाय वापरायचं," आणि माझ्यादेखत सगळा बॉक्स कचऱ्यात! मी असली भडकले, जेवले नाही रात्री. ती पण नाही जेवली. सासूबाई म्हणाल्या, "माज्या वाटणीला जास्त आलं, बरं झालं." आता तुमच्या कानामागे मी काही लावलंबिवलं नाही, ती असती तर तुम्हाला उद्या बोलावलं असतं. म्हणून म्हटलं, ती यायच्या आत उरकू.

असो. तर हल्ली हे नवीन निघालंय ना, इंटर्नशिप. आमच्या वेळी मे महिन्यात काय, आजोळी जायचं, फणसाचे गरे खायचे, पोट बिघडवून परत यायचं. आता सगळी पोरं कामाला! शेजारचा स्वराज वॉटर पार्कवर लागलाय — आईनं गावभर सांगितलं, "कंपनीत लागला, कंपनीत लागला." आमी गेलो बघायला तर हा अस्वल! खरंच, अस्वलाचा तो जाडजूड पोशाख असतो ना, तो घालून गेटवर उभा, पोरं येऊन पोटात बुक्क्या मारतायत. आतून आवाज आला, "मावशी, पाणी द्या ना." मला हसू आवरेना आणि जीव पण तुटला. पण दीक्षानं त्याला म्हटलं, "स्वराज, सर्टिफिकेटवर काय लिहिणार रे, गेस्ट रिलेशन्स?" तर खरंच तेच लिहिणार आहेत म्हणे! कुणी झिपलाइनला दोर बांधायला, कुणी हायवेच्या फूड मॉलमध्ये — वर्गातलं एक पोर घरी नाही.

आणि आमच्या बाईसाहेबांना काय पाहिजे? लॅब. कुंभिवलीला ती क्रीम-शांपूची फॅक्टरी आहे ना हायवेला, तिथल्या लॅबमध्ये कॉलेजच्या पोरांना उन्हाळ्यात घेतात, तिथेच जायचं. दुसरीकडे अर्जसुद्धा नाही केला. म्हणते, "आई, तिथं सगळं आधी लावूनच बघतात. तेच काम असतं त्यांचं. तिथं मला कुणी ओरडणार नाय." — हे मला ऐकवलं बरं का. आणि त्यांचा शांपू आमी इथे वापरत नाय हां, दीक्षा म्हणते फेस जास्त नि काम कमी, ती तर म्हणे गेल्या गेल्या तिथल्या साहेबांना हेच सांगणार! मी म्हटलं, बाई गं, निदान पहिल्या दिवशी तरी तोंड आवर. तो बघा, दारामागे टांगलाय ना पांढरा — नाही, काकडी काढू नका, राहू द्या — तो तिचा कॉलेजचा ॲप्रन. धुतला, नीळ घातली, इस्त्री केली, आणि इथे आणून टांगला, का, तर फोन आला की तसंच निघता यावं. आता मी त्याला प्लॅस्टिक घातलंय. पावडर उडते ना इथे.

नाही आला फोन. सगळ्यांना आले, हिलाच नाही. रोज विचारायची, "आई, फोन आलेला का?" — तिचा मोबाइल दुरुस्तीला दिलेला त्या वेळी, म्हणून अर्जात माझा नंबर टाकलेला. मी म्हणायची, नाय गं आला. मग विचारायची बंद झाली. मेंदी काढते, हसते, नवरीची चेष्टा करते, पण घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडते. परवा म्हणाली, "आई, पार्लरवालीची मुलगी लॅबमध्ये काय करणार, असं वाटलं असेल त्यांना." मला इतका राग आला त्या फॅक्टरीचा! म्हटलं, एकदा फोन करून नाही तरी म्हणा! पोरीनं इस्त्री केलेला ॲप्रन कुणी बघायचा?

आणि — आता तुम्ही परक्या म्हणून सांगते, कुणाला बोलू नका — बोलणार कशा, पॅक आहे — मला ना, आतून बरं वाटलेलं. खरंच. फोन नाही आला म्हणून. मे महिन्यात हातात कितीतरी नवऱ्या, हळदीच्या आदल्या दिवशी सगळ्या करवल्या इथेच येऊन बसतात, एकटीनं कुठं पुरी पडू मी? पण ते एक झालं. दुसरं असं की पोरगी एकदा पांढरा कोट घालून हायवेच्या त्या काचेच्या इमारतीत शिरली, की मग इथे येऊन तोंडात दोरा धरून कुणाच्या मिशा काढेल का? लाजेल. मलापण लाजेल. आज ना उद्या लाजेलच, पण मी म्हटलं, एवढा उन्हाळा तरी राहू दे माझ्याजवळ. आई असून असं वाटावं, नाही का? सोडा. जबडा हलवू नका तुम्ही.

आणि तुम्हाला सांगते, फोनवरची माणसं सगळीच तसली. ती फॅक्टरी तशी, गिऱ्हाईक तसं. त्याच सुमारास एका बाईचा फोन, कुंभिवलीहूनच बरं का, गोड आवाज, शुद्ध मराठी, "दीक्षाच्या आई का तुम्ही? दीक्षाला मंगळवारी अकराला पाठवाल का?" इकडे माझा ड्रायर चालू, निम्मं ऐकू येईना, पण त्यात काय ऐकायचं, लग्नसराईत कुंभिवलीहून दीक्षाला बोलावतायत म्हणजे मेंदीच! मी सरळ सांगितलं, मंगळवारी आमचं बंद असतं, आणि दीक्षा कुणाच्या दारी येत नाही, गरज असेल तर तुम्हीच या. पुढे काहीतरी सांगत होती ती, मी म्हटलं, ते आल्यावर बोलू, गुरुवारी या दुपारी. तर हसली जराशी, म्हणाली, "बरं, मी तुमच्या दहिवलीतच राहते, गुरुवारी सुट्टी आहे, येते मी." नवरी तिची बहीण की कोण, तेही नाही सांगितलं. मी सांगू दिलं का — तेही नाही. आणि आज गुरुवार! आली का? पत्ता नाही! मी दुपार राखून ठेवली तिच्यासाठी, म्हणून तर तुम्हाला लगेच खुर्ची मिळाली. थांबा, लावतेच तिला. नंबर सेव्ह केलाय मी, "कुंभिवली मेंदी". विचारते, बाई येतेस का नाही ते एकदा सांग—

वाजतोय. उचलत नाही बघा. — अहो, तुमचा पण वाजतोय, पर्समध्ये. वाजू द्या, पॅक ओला आहे, नका घेऊ. — हिचा वाजतोच आहे. तुमचा पण वाजतोच आहे. थांबा हां, मी कट करते म्हणजे तुमचं नीट ऐकू—

थांबला.

परत लावू का? नको. नको, कळलं. अगं बाई, म्हणजे तुम्हीच त्या! मग सांगायचं नाही का— हो, मीच बोलू दिलं नाही. बरं बरं, हरकत नाही, मग नवरी कोण आहे, हळद कधी आहे, तारीख बोटांनी दाखवा — काय? काकडी कशाला काढलीत? तिकडे काय दाखवताय? दारामागे? तिथं काही नाही हो, तो दीक्षाचा ॲप्र—

तुम्ही लॅबच्या.

अहो, पण कंपनीचा फोन म्हणजे कुणी साहेब बोलतील असं वाटलं मला, इंग्रजीत — तुम्ही इतकं घरच्यासारखं विचारलंत — आणि मी म्हटलं, मंगळवारी बंद. पोरीच्या इंटरव्ह्यूला मी म्हटलं, बंद! ती रात्र रात्र भिंतीकडे तोंड करून पडतेय, आणि मी तिला जेवायला वाढतेय, म्हणतेय, जाऊ दे गं, त्यांचंच नुकसान. मीच घालवला. मीच, आणि वर मला बरं वाटलेलं! नाही, बोलू नका तुम्ही, अजून ओला आहे हनुवटीशी. आणि ते शांपूचं मी असंच बोलले हां, चांगला आहे शांपू. आणि ब्लीचचं पण— नाही, ब्लीचचं खरं आहे. तेवढं खरंच धरा. जागा भरली का? मानेनं सांगा. नाही? म्हणजे भरली नाही, की आता काही होणार नाही? भरली नाही! अहो, मग सांगा ना, कधी पाठवू, उद्या पाठवू? मेंदीबिंदी मी बघते, सासूबाईंना बसवते कोन धरून. कधी? बोटांनी काय दाखवताय — सोमवार, मंगळ— मंगळवारी? परत मंगळवारीच? चालेल की! न चालायला काय झालं, अहो, मंगळवारी तर आमचं बंदच असतं—

...

हो. बंदच असतं. रिकामीच होती ती त्या दिवशी. दिवसभर इथंच ह्या पायरीवर बसलेली, माझ्या फोनकडे बघत.

स्कूटी आली. तिचीच. थांबा, उठू नका, तोंड पुसून देते आधी, गरम टॉवेल— हे बघा, कुठे लाल नाही, कुठे चट्टा नाही. तिला एवढं बघू द्या. बरं वाटेल तिला. — दीक्षा, ये गं आत. राहू दे ते कोन. ह्या मॅडम तुझ्यासाठी आल्यात. नाय, मेंदीला नाय. माझ्याकडे नको बघू, त्यांना विचार. मला काय विचारतेस, मी आज पुष्कळ बोलले. मी तिकडे त्या प्लॅस्टिकची गाठ सोडते.