चार्जर कोण काढतं?

"नवीकोरी बॅटरी अशी मरते कशी? मला नाही पटत."

बॅटरीच्या दुकानात पायाशी स्कूटरची बॅटरी ठेवून बसलेल्या शिंपीणबाईंनी कान टवकारले. काउंटरपाशी एक काका-काकू दुकानदाराशी बोलत होते.

"काकू, मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर, पण तुमची उभीच असते ना? छतावरचं सोलर आतले दिवे-पंखे सांभाळतं. इंजिनाच्या बॅटरीला वेगळा चार्जर लावून ठेवावा लागतो."

"लावते की! मी स्वतः लावते. निघायच्या दिवशी बघावं, तर वायर काढलेली."

"उंदीर असतील गं."

"उंदीर वायर कुरतडतात हो, गुंडाळून खुंटीला अडकवत नाहीत."

"मग शेजारचा असेल. त्याचा डोळाच आहे आपल्या गाडीवर."

"किल्ली तुमच्या खिशात आणि संशय शेजाऱ्यावर? लेकीकडे जायला म्हणून तीनदा सामान चढवलं, तीनदा उतरवलं. नात फोनवर विचारते, आजी, येणार तरी कधी?"

"भाऊ, तुम्ही आपली दुसरी बॅटरी दाखवा."

"काका, तुमच्या या बॅटरीला काही झालेलं नाही. नुसती चार्ज करायची आहे."

"ऐकलंत? आता माझ्याकडे बघून बोला."

"अगं, मीच काढतो वायर. चालवताना समोरची गाडी किती लांब आहे, तेच हल्ली मला कळत नाही."