आपल्यावरचा गोल

शुभदा: ...आणि तो स्टेडियमच्या गेटवरचा माणूस वर मलाच म्हणतो, "मॅडम, लिक्विड अलाऊड नाही." डोळ्यांचे ड्रॉप्स म्हणजे लिक्विड! पाण्याची बाटली घेतली ती घेतली, औषधावर पण डोळा!

चंद्रशेखर: द्यायचे होते त्याला. त्याच्याच डोळ्यात घाल म्हणायचं. उगाच भांडत बसलीस, मॅच सुरू होईल.

शुभदा: मी भांडले म्हणून ड्रॉप्स सुटले, पप्पा. रिक्षावाल्याने अलीकडे एलपीच्या स्टॉपलाच उतरवलं, तिथून एवढं चालवलं. माझ्या ऑफिसचा हाफ डे गेला. आणि सुगत तिकडे पुण्यात बसून मेसेज करतोय, "ताई, पप्पांचा वाढदिवस एन्जॉय करा." गिफ्ट त्याचं, मजुरी माझी.

चंद्रशेखर: मी एकटा आलो असतो. सीवूड्सवरून नेरूळ म्हणजे काय परदेश आहे?

शुभदा: ही आपली रांग. आत सरका. अजून थोडं... पप्पा, थांबा, थांबा!

रूपेश: ओ काका! मी बसलोय हितं! मांडीवर बसता काय?

चंद्रशेखर: सॉरी, सॉरी हां. अंधार आहे हो जरा.

रूपेश: अंधार? एवरे लाईट लावलेत, सुई परली तरी गावंल.

शुभदा: माफ करा भाऊ. त्यांना काचबिंदू आहे. थोडं कमी दिसतं.

चंद्रशेखर: कमीबिमी काही नाही. उजवा डोळा उत्तम आहे माझा.

रूपेश: बसा काका, बसा. मी रूपेश, हितलाच, करावे गावचा. तुमी मुंबईच्या बाजूनं ना? का केरलाच्या?

चंद्रशेखर: मुंबईच्या! विचारायचं काम नाही. सेमीफायनल आहे, आज डिमेलो गोल मारणार बघा.

रूपेश: मंग जमलं आपलं. खेललाव वाटतं तुमी?

चंद्रशेखर: दिघ्याला कंपनीच्या टीममधून. लेफ्ट बॅक. तेव्हा अनवाणी खेळायचो आम्ही, खडीच्या मैदानावर... सुरू झाली काय? शिट्टी झाली. चला! दाबा, दाबा त्यांना!

शुभदा: पप्पा, तुम्ही बघा. मी एक ऑफिसचा मेल करते तोवर.

चंद्रशेखर: कर, कर. तुला नाहीतरी यातलं काय कळतंय?

शुभदा: झालं का सुरू? मी यायचं पण आणि टोमणे पण मीच खायचे.

चंद्रशेखर: टोमणा नाही गो. खरं ते सांगितलं... अरे पास दे! एकट्याने काय घेऊन पळतो!

रूपेश: काका, तो गोलकीपर हाय. किक मारतोय.

चंद्रशेखर: तेच म्हणतो मी. जवळच्या माणसाला द्यावा ना.

शुभदा: लाईट डोळ्यांवर येतायत का? चष्मा पुसून देऊ?

चंद्रशेखर: तुझा मेल कर तू. शंभरदा विचारू नको... हां! हां, आला! मार, मार... गोल! गोऽऽल! शुभदा, गोल! मी म्हटलं होतं ना! डिमेलोच असणार! वा रे पठ्ठ्या!

शुभदा: पप्पा, खाली बसा.

चंद्रशेखर: बसू काय? टाळ्या वाजव!

शुभदा: पप्पा, ऐका माझं. बसा. गोल आपल्यावर झालाय.

चंद्रशेखर: काय?

रूपेश: त्यांनी मारला काका. केरलानं.

चंद्रशेखर: असं कसं? सगळे ओरडले. मागे ढोल वाजतायत...

रूपेश: मागं सगले केरलावालेच हायेत. पांढरी टी-शर्टं घालून नाचतायत. दिसलं नाय तुमाला?

चंद्रशेखर: लक्ष नव्हतं माझं.

शुभदा: लक्ष नव्हतं? पप्पा, समोर स्क्रीनवर काय दाखवतायत?

चंद्रशेखर: रिप्ले दाखवत असतील. दुसरं काय दाखवणार?

शुभदा: स्क्रीन कुठे आहे?

चंद्रशेखर: समोर. तूच म्हणालीस ना.

शुभदा: समोर नाहीये. डाव्या हाताला आहे. आपल्या बिल्डिंगएवढी मोठी आहे, पप्पा. तुम्हाला काहीच दिसत नाहीये.

चंद्रशेखर: हळू बोल.

रूपेश: मी जरा पानी घेऊन येतो. काका, तुमाला आनू?

चंद्रशेखर: आण बाबा.

शुभदा: गेला तो. आता बोला. कधीपासून?

चंद्रशेखर: उजेड कळतो मला. माणूस आलं की समोर सावली हलते.

शुभदा: मी कधीपासून विचारतेय.

चंद्रशेखर: डावा आधीच गेला होता. उजवा गणपतीच्या सुमारास.

शुभदा: गणपतीपासून! मी दर रविवारी डबा घेऊन येते. परवा दारात मला म्हणालात, "बारीक झालीस गो."

चंद्रशेखर: आवाज बारीक झाला होता तुझा. त्यावरून म्हटलं.

शुभदा: आणि डॉक्टर? ते काय म्हणाले?

चंद्रशेखर: गेलेलं परत येत नाही म्हणाले. मग पुन्हा पुन्हा जाऊन त्यांना कशाला त्रास?

शुभदा: भाजी, दूध, औषधं? कोण आणतं?

चंद्रशेखर: आपला पोपट.

शुभदा: वॉचमन? म्हणजे वॉचमनला माहीत आहे आणि मला नाही?

चंद्रशेखर: त्याला मी शपथ घातली होती. चांगला माणूस आहे, त्याला बोलू नको.

शुभदा: त्याला नाही बोलणार, तुम्हाला बोलणार! गॅस पेटवता तुम्ही घरात एकटे! चालू राहिला तर?

चंद्रशेखर: वास येतो ना.

शुभदा: पप्पा!

चंद्रशेखर: ओरडू नको. लोक मॅच बघतायत.

शुभदा: बघू देत. उद्याच्या उद्या सामान भरायचं. उलव्याला चलायचं माझ्याकडे. आता मी काहीएक ऐकणार नाही.

चंद्रशेखर: हे बघ. म्हणूनच नाही सांगितलं.

शुभदा: म्हणजे?

चंद्रशेखर: तुझी आई गेली. पुण्यानुमोदनाला आलेली माणसं अजून चपला शोधत होती आणि सुगत एजंटचा नंबर काढून बसला होता. घर विकू, पप्पांना कुठे ठेवू. तू पण मान हलवत होतीस. तेव्हा दिसायचं मला.

शुभदा: तुमच्या काळजीनेच ना?

चंद्रशेखर: असेल. पण माझ्या घरात शेगडीची कळ कुठे, मिठाची बरणी कुठे, तुझ्या आईच्या फोटोची चौकट कुठे, सगळं हाताला ठाऊक आहे. तुझ्याकडे तुझ्या पोराची सायकल आज इथे, उद्या तिथे. तिथे मी आंधळा होईन, शुभदा. माझ्या घरात मी आंधळा नाही.

शुभदा: मग इथे तरी कशाला आलात? एवढ्या गर्दीत?

चंद्रशेखर: सुगतने तिकिटं काढली. नाही म्हटलं असतं तर दोघांनी मिळून का, कशासाठी, सुरू केलं असतं. मी मॅचला कधी नाही म्हणतो का? आणि वाटलं, टीव्हीवर ऐकतो तसं इथे पण कळेल. टीव्हीवर तो माणूस बोलत असतो गो. इथे एवढी हजारो माणसं ओरडतायत, पण झालं काय ते एकजण सांगत नाही.

शुभदा: चला उठा. घरी जाऊ.

चंद्रशेखर: हाफटाइम पण नाही झाला अजून. मी नाही उठणार.

शुभदा: काय बघणार आहात बसून?

चंद्रशेखर: तू सांग ना मग.

शुभदा: मी? मला काय कळतंय त्यातलं? आताच म्हणालात.

चंद्रशेखर: डोळे आहेत ना तुला? दिसतंय ते सांग.

शुभदा: ठीक आहे. बॉल तिकडे आहे. आता इकडे येतोय. एकजण पळतोय.

चंद्रशेखर: कोण?

शुभदा: निळा.

चंद्रशेखर: अगो, निळे अकरा आहेत! नंबर सांग.

शुभदा: पाठ फिरवल्याशिवाय नंबर कसा दिसणार? सात. नाही, सतरा. गेला बॉल.

चंद्रशेखर: कुठे गेला?

शुभदा: गेला म्हणजे बाहेर गेला!

चंद्रशेखर: साइडने की गोलच्या मागे? कुणाचा लागून?

शुभदा: मला नाही माहीत! सुगतला कुपरेजच्या मैदानावर मॅच बघायला न्यायचात, दर रविवारी. त्याला विचारा कुणाचा लागून गेला ते. मला कधी नेलंत?

चंद्रशेखर: तू कधी म्हणालीस का, येते म्हणून?

शुभदा: तो तरी कुठे म्हणायचा? त्याला नुसतं "चप्पल घाल" म्हणायचात तुम्ही. मी दारात उभी असायचे.

रूपेश: घ्या काका, पानी. ताय, तुमाला पन आनलंय. थ्रो हाय आपला. घेतला डिमेलोनं. दिला परत मागं, सतरा नंबरला. आता पलीकरं लांब टाकला, राईटला. चांगला पास हाय, पन त्यांचा बॅक लय उंच हाय, डोक्यानं काढला त्यानं.

चंद्रशेखर: हां! याला म्हणतात सांगणं! बघ, शीक जरा.

शुभदा: मग त्यालाच सांगू दे. मी गप्प बसते.

चंद्रशेखर: रुसायचं काय त्यात? हां, बोल रे रूपेश.

रूपेश: पुन्हा आपल्याकरं बॉल. अकरा नंबर... एकाला कापला... दुसऱ्याला... आयला! आयला, आयला! आरं मार ना! श्या!

चंद्रशेखर: काय झालं?

रूपेश: काय राव ह्यो! लाथ मारायला पायजे ह्याला!

चंद्रशेखर: अरे पण झालं काय?

रूपेश: जाऊ द्या काका, बोलूच नका!

चंद्रशेखर: घ्या. ऐन वेळेला हा पण कामाचा नाही. शुभदा? आहेस ना गो?

शुभदा: आहे.

चंद्रशेखर: सांग की.

शुभदा: गोलच्या अगदी समोर होता तो. फक्त कीपर पुढे. आणि मारायच्या ऐवजी थांबला. वळून बघितलं, कोणी आहे का. तेवढ्यात काढून घेतला.

चंद्रशेखर: थांबला होय! तिथे थांबायचं नसतं. मग?

शुभदा: मग आता डोकं धरून उभा आहे. कोच बाटली आपटतोय. हाफटाइम झाला वाटतं, सगळे आत चाललेत.

चंद्रशेखर: बस तू. दुसरा हाफ तूच सांग. आणि चुकलीस तर मी बोलणार, आधीच सांगतो.

शुभदा: आणि बोललात तर मी उठून जाणार, मी पण आधीच सांगते.

रूपेश: ताय, हाफटाइम सरला. आता लयच घाई करतील आपले.

शुभदा: करतायत. पण बॉल मिळतच नाहीये त्यांना. पांढरे आपसातच खेळतायत, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

चंद्रशेखर: वेळ काढतायत. आपला लेफ्ट बॅक काय करतोय?

शुभदा: तो कुठला?

चंद्रशेखर: डाव्या अंगाला, मागे.

शुभदा: हा, दिसला. कमरेवर हात ठेवून उभा आहे. दमलाय. मोजे खाली घसरलेत त्याचे.

चंद्रशेखर: दमणारच. रेफरीला सांगा म्हणावं, ते पाडापाडी करतायत ती बघ!

शुभदा: रेफरीला नाही दिसत पप्पा, तुम्हाला कशी दिसली?

चंद्रशेखर: मागचे हसले ना.

शुभदा: आता आपला अकरा नंबर आत घुसलाय. सरळ. एकटाच. त्याला पाडलं! पाडलं पप्पा! शिट्टी झाली. रेफरी बोट दाखवतोय, तिकडे, त्या पांढऱ्या ठिपक्याकडे!

रूपेश: पेनल्टी! काका, पेनल्टी! मी नाय बघत. मी तोंड फिरवून बसतो. ताय, झाला की सांगा.

चंद्रशेखर: कोण घेतोय?

शुभदा: डिमेलो. बॉल ठेवला. परत उचलला. गवत दाबलं पायाने, परत ठेवला. हात शर्टाला पुसतोय. कीपर हात पसरून उड्या मारतोय. डिमेलो मागे आला. अजून मागे. थांबलाय. खाली बघतोय. पप्पा, हात दुखतोय माझा, सैल धरा. निघाला... मारला...

चंद्रशेखर: खांब.

शुभदा: खांब. बाहेर गेला.

रूपेश: काय झालं? ताय? ...श्या. सांगू नका. समजलं.

चंद्रशेखर: आवाज आला मला.

शुभदा: तो खाली बसलाय पप्पा. तोंड शर्टात घातलंय. आपले कोणीच जात नाहीयेत त्याच्याजवळ. थांबा, कोणीतरी आलं. त्यांचा कीपर. त्यांचाच कीपर आलाय. काखेत हात घालून उठवतोय त्याला.

चंद्रशेखर: त्यांचा?

शुभदा: हो. पाठीवर थापटलं आणि गेला परत जागेवर.

चंद्रशेखर: टीव्हीवाले हे सांगत नाहीत. तोवर रिप्ले लावतात.

रूपेश: संपलं. शिट्टी मारली. चला, हरलो. काका, येतो मी. बसल्या जागी मराय आलं राव. ताय, तुमी चांगलं सांगत होता. येतो.

चंद्रशेखर: ये रे. पाण्याबद्दल थँक्यू.

शुभदा: आपण बसू जरा. गर्दी जाऊ दे.

चंद्रशेखर: शुभदा, त्या कुपरेजचं... मला सुचलंच नाही गो तेव्हा. पोरगी आणि फुटबॉल, असं डोक्यातच नव्हतं कुणाच्या.

शुभदा: असू दे.

चंद्रशेखर: असू दे कसं? उभी असायचीस म्हणतेस.

शुभदा: उद्या सुट्टी टाकते. डॉक्टरकडे जाऊ, दुसऱ्या. तुमच्यासाठी म्हणून नाही, मला स्वतःला ऐकायचंय.

चंद्रशेखर: आणि घर?

शुभदा: घराचं आता नाही बोलायचं.

चंद्रशेखर: म्हणजे नंतर बोलायचं.

शुभदा: हो, नंतर. पण तुम्हाला विचारून. हे घ्या, सुगतचा फोन येतोय. मी काही सांगणार नाही त्याला. तुम्ही सांगा.

चंद्रशेखर (फोनवर): हं, सुगत. बोल... हरलो रे. एक-शून्य... सीट छान होत्या. मधोमध... नाही, ऐक जरा. मला दिसलं नाही... नाही, सीटमुळे नाही. मला दिसतच नाही, सुगत. गणपतीपासून... हॅलो? आहेस ना?

शुभदा: काय म्हणतोय?

चंद्रशेखर: काही नाही. गप्प झालाय.

शुभदा: राहू दे तसाच लाईनवर. कानाला धरून ठेवा. चला, निघू हळूहळू.

चंद्रशेखर: पुढे पायरी असेल.

शुभदा: नाही पप्पा, सपाट आहे. टाका पाय.