बोर्डाला वारा

बायको, चारुलता, गेल्याचं हॉस्पिटलमधून कळलं, तेव्हा घरी तिचा कॉम्प्युटर चालूच होता. तो बंद करून विद्याधर निघाला. आज, इतक्या दिवसांनी तो चालतो का ते तपासून घ्यायला, कॉम्प्युटरचं कॅबिनेट मांडीवर घेऊन विद्याधर चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर, दुरुस्तीच्या दुकानात बसला होता. काउंटरपाशी एक तरुण जोडपं मराठीत भांडत होतं.

"कौशिक, ओव्हरक्लॉक करायला तुला सांगितलं कुणी?"

"प्रोसेसरला चारच कोअर आहेत गं. जरा जास्त जोरात पळवले."

"आणि मदरबोर्ड भाजून काढलास."

"प्रोसेसर तर गार होता! पाण्याचा कूलर उगाच बसवला का?"

"तिथंच तर घोळ झाला. जुना पंखा बोर्डावरही वारा सोडायचा. तो तू काढून टाकलास. आता बोर्डाला वारा कोण घालणार, माझी आई?"

"येतायत ना रविवारी."

"कौशिक!"

"तुझे व्हिडिओ एडिट होताना तासन्‌तास रखडतात, तू ताटकळत बसतेस. म्हणून केलं."

"मग मला विचारायचं."

"नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. आणि मग मीच नीट करून दिलं असतं."

"बोर्ड वाचला, सार," दुकानदार आतून येत हिंदीत म्हणाला. "स्पीड थोडा उतरवा, बोर्डावर एक छोटा पंखा लावा."

"ऐकलंस?"

"ऐकलं. आईंना कळवतो, रविवारी आरामात बसा म्हणून."

दोघं हसत बाहेर पडली. दुकानदाराने विद्याधरचं कॅबिनेट जोडून बटण दाबलं.

"मशीन छान चालतंय, सार. पासवर्ड सांगा."

पासवर्ड चारुलताला विचारायचा राहून गेला होता.