भाविकाच्या जागी

सुनंदा मॅडम : रूपा, कडी काढ बघू. पोरी मॅटवर अंग मोकळं करतायत आणि तू कपडे बदलायच्या खोलीत कोंडून घेतलंस?

रूपा : मी नाही खेळत, मॅडम.

सुनंदा मॅडम : सकाळी हो म्हणाली होतीस.

रूपा : सकाळी समोरची टीम पाहिली नव्हती. त्यांची ती चढाईला येणारी पाहिली का तुम्ही? खांदे पाहिले तिचे?

सुनंदा मॅडम : वरच्या गटात सगळ्यांचेच खांदे तसे असतात.

रूपा : मग कशाला आलो आपण वर? खालच्या गटात काय वाईट चाललं होतं? जिंकायचो, गाणी म्हणत घरी जायचो.

सुनंदा मॅडम : जिंकायचो म्हणूनच वर आलो ना. आपल्या विद्यापीठाची मुलींची कबड्डी 'अ' गटात कधी गेली होती आधी? जळगावात मिरवणूक निघाली, तेव्हा सगळ्यांत पुढे कोण नाचत होतं?

रूपा : मी. मी आणि भाविका.

सुनंदा मॅडम : बरं, ते राहू दे.

रूपा : बघा, भाविकाचं नाव निघालं की तुम्ही विषय बदलता. कालपासून.

सुनंदा मॅडम : ती दवाखान्यात आहे. डॉक्टर बघतायत.

रूपा : मी बाकावरून पाहिलं, मॅडम. तिनं चढाईवालीचा घोटा धरला, सोडलाच नाही, आणि सगळ्या तिच्या मानेवर पडल्या. आवाज आला मला. आमच्या सावद्याला वारं सुटलं की केळीचं खोड मोडतं ना, तसा. डोळा लागला की तोच आवाज येतो.

सुनंदा मॅडम : अपघात होता तो. रोज होत नाही.

रूपा : मग भाविकाच्या डाव्या कोपऱ्यात तुम्ही उभ्या राहा.

सुनंदा मॅडम : रूपा! ...हे बघ. राखीव अशी तू एकटीच उरलीयेस. तू नाही आलीस तर सहा जणींना उतरावं लागेल. आज हरलो की परत खालच्या गटात. पोरींनी किती वर्षं...

रूपा : माहितीये. म्हणून तर कडी लावली. तुमच्या तोंडाकडे बघून नाही म्हणता येत नाही मला.

मंजुळाबाई : सुनंदाबाई! वो सुनंदाबाई!

सुनंदा मॅडम : मंजुळाताई? तुम्ही इथं? मग भाविकापाशी कोण आहे?

मंजुळाबाई : तिले मशीनमा लई गयात, फोटो काढाले. मले सांगं, भायेर बसा. तठे बठ्ठा अनवळखी लोके. तिना बाप चाळीसगावथीन निंघेल शे, अजून पोचना नही. मंग मी चालत उनी. या धुळे शहरमा मी फक्त तुम्हलेच वळखस.

रूपा : मॅडम, भाविकाची आई आहे का?

मंजुळाबाई : दारना मझार कोन शे?

सुनंदा मॅडम : रूपा. आज भाविकाच्या जागी तीच आहे. घाबरलीये पोर.

मंजुळाबाई : रूपा? खोलीवर भाविकासंगे ऱ्हास ती? तुनं नाव रोज निंघस फोनवर, माय.

रूपा : काकू, कशी आहे ती? पाय हलतात का तिचे?

मंजुळाबाई : हात हालावस. पायले मी हात लावा, ते म्हने, आई, लाव ना. मी लायेल व्हता. पोरी, मी हात लायेल व्हता!

सुनंदा मॅडम : ताई, बसा. बसा इथं. पाणी आणते.

मंजुळाबाई : पानी नको. रूपा, दार उघाड. मी तुले खेळ बी म्हनाव नही, नको खेळू बी म्हनाव नही. मले एकलीले भेव वाटी ऱ्हायनं. तू भायेर ये, नही ते मले मझार ले.

रूपा : थांबा काकू. कडी घट्ट बसलीये... हं. या.

मंजुळाबाई : माय व, मना हात धर.

रूपा : धरला, काकू.

सुनंदा मॅडम : रूपा, पंच बोलावतायत. काय ते आत्ताच सांग.

मंजुळाबाई : मशीनमाथीन काढं की डॉक्टर मना संगे बोलतीन. मले काही समजाव नही. कोनी येई का संगे?

रूपा : मी येते.

सुनंदा मॅडम : रूपा...

रूपा : जाते मी, मॅडम. खरं सांगू? काकूंसाठी चाललेय की मॅटवरून पळून चाललेय, माझं मलाच कळत नाहीये.

सुनंदा मॅडम : मलाही कळत नाही. जा. रस्ता ओलांडताना त्यांचा हात धर, गाड्या फार आहेत.

रूपा : आणि कोपरा?

सुनंदा मॅडम : सहा जणींत बसवते काहीतरी.

रूपा : खाली गेलो तर?

सुनंदा मॅडम : तर मला रडू येईल. जा आता.

(दवाखान्यात, जिन्यापाशी. उन्हं उतरलीयेत.)

मंजुळाबाई : डॉक्टर इतलं बोलना. मले नीट सांग.

रूपा : मानेच्या मणक्याला तडा गेलाय, काकू. आतली नस दबलीये, पण तुटलेली नाही. उद्या ऑपरेशन करतील. पायांत हळूहळू जीव येईल म्हणाले. चालेल ती.

मंजुळाबाई : चाली?

रूपा : वेळ लागेल. पण चालेल.

मंजुळाबाई : मंग डॉक्टरना पुढे तुना डोळाले पानी का बरं उनं?

रूपा : मी विचारलं, परत कधी खेळेल. कधीच नाही म्हणाले.

मंजुळाबाई : ...चालू दे व माय. पयले चालू दे.

रूपा : थांबा, मॅडमचा फोन आहे. हॅलो... हो, चालेल म्हणाले... हो, खरंच... मॅडम, रडू नका ना. मॅचचं काय झालं?... बरं. कुणाला लागलं नाही ना?... मग झालं. या तुम्ही.

मंजुळाबाई : हारनात?

रूपा : हरलो. परत खालच्या गटात.

मंजुळाबाई : वाईट वाटस?

रूपा : वाटतं. पण आधी सुटल्यासारखं वाटलं, काकू. त्याचं जास्त वाईट वाटतंय.

मंजुळाबाई : ती देख, नर्सबाई बोलाई ऱ्हायनी. भाविका जागी व्हयनी व्हई. पयले मॅचनं इचारी. मंग इचारी, मी कव्हय खेळसू. मना तोंडमाथीन ते निंघाव नही, पोरी. तिना बापले येऊ दे, तो सांगी.

रूपा : त्यांना कशाला? मी सांगते.

मंजुळाबाई : तुले भेव नही वाटस?

रूपा : खूप वाटतंय. तुम्ही माझ्याजवळ उभ्या राहा.