दालन दुसरे : जेवणाचं टेबल

नाही, आत जाऊया की, मी कुठे नको म्हणतोय — पण आधी या बाकावर टेका जरा. जिना चढून आलात, दम लागला असेल. नाही लागला? मग मला लागलाय म्हणा. बसा, वहिनी. टेबल काही पळून जात नाही. उद्घाटन उद्या, आणि तुम्ही आजच — नाही, आनंदच आहे, वस्तू तुमची, तुम्ही केव्हाही यावं. फक्त एक फोन केला असतात तर मी जरा — बरं, ते जाऊ द्या.

खरं सांगतो, या समितीत मी नसतो तर तुमचं टेबल या इमारतीच्या पायरीलाही लागलं नसतं. गावातल्या कॉलेजची शंभरी, आणि प्रदर्शनात काय? पहिल्या प्राचार्यांची खुर्ची, पहिल्या प्राचार्यांचा झगा, पहिल्या प्राचार्यांची छत्री. गावाचा इतिहास म्हणजे त्या एका माणसाचं घरसामान. मी म्हटलं, अहो इतिहासवाले सर, तुमचं कॉलेज काय हवेत उभं राहिलं? मुलं झोपत कुणाच्या माडीवर होती, जेवत कुणाच्या घरी होती? एक दालन गावाला द्या, नाहीतर मी उद्या पेपरात लिहितो. पेपर सोडून मला किती वर्षं झाली हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, घाबरले बिचारे. दिलं दालन. आणि त्यात मधोमध काय ठेवायचं हे विचारायची गरज नव्हती. दादा गेल्यावर तुम्ही घरात खानावळ काढलीत, दोन पाळ्यांत पोरं जेवून गेली त्या टेबलावर — मीही त्यातलाच, फुकट जेवणारा दीर — आणि परीक्षा संपवून गाव सोडणाऱ्या प्रत्येकापुढे शेवटच्या जेवणाला तुम्ही भाजीची सुरी ठेवायचात. म्हणायचात, कोर बाबा इथे तुझं नाव. पण खोल नको, पुसताना फडकं अडकतं. सगळ्या प्रदर्शनात याच्या तोडीची वस्तू नाही, वहिनी. म्हणजे नव्हती. म्हणजे — नाही, तसं नाही, आहे की.

उठू नका. ऐका. तुम्ही टेबल देताना काय म्हणाला होतात ते माझ्या लक्षात आहे. आहे तसं न्या, आहे तसं आणा. बरोबर? आता टेबल म्हटलं की थोडी डागडुजी आलीच, एक पाय डुगडुगत होता, त्यासाठी सुताराला बोलावलं. तो सुतार म्हणजे एक नमुना — एक सांगावं, दहा करावं. त्याच्याकडे ते विजेचं मशीन आहे, घासायचं, घुर्र घुर्र करतं. तर त्यानं पाय नीट केला आणि जरा वरूनही हात फिरवला. जरा. वरवर.

नाही, सगळी नाही. नावं म्हणजे — काही गेली.

माझ्याकडे असं बघू नका, मी नव्हतो तिथे. मी खाली पाट्यांवरून भांडत होतो. आमच्या दालनाच्या पाट्या लहान अक्षरात आणि खुर्चीची पाटी ही एवढी — मी सोडणार होय? गळा बसेपर्यंत भांडलो. वर आलो तर हा बाबा मशीन घेऊन टेबलावर वाकलेला.

हो, मीच सांगितलं होतं. पण असं नव्हतं सांगितलं. मी म्हटलं, जरा माणसात आण. त्याचं काय झालं, टेबल टेम्पोतून उतरलं तेव्हा इतिहासवाले सर उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला. नाकाला लावला नाही हो, नुसता हातात धरला. टेबलावर तेलाचे डाग, शाईचे डाग, गरम पातेल्याचं ते काळं कडं — सगळं इथल्या पांढऱ्या फरशीवर, या दिव्यांत, काय सांगू, उघडं पडल्यासारखं दिसत होतं. शेजारी त्या खुर्चीला मखमल. सर म्हणाले, ''वा, अस्सल आहे.'' ते 'अस्सल' कसं म्हणतात माहितीय? पाहुण्याच्या पोरानं सतरंजीवर काही केलं की आपण म्हणतो, असू दे, लहान आहे — तसं. माझे कान तापले. त्यांच्यावर चिडलो असतो तर काही नव्हतं, चिडायचा मला सराव आहे. मी टेबलावर चिडलो. मला वाटलं, हे आमचं. हे आमचं असं दिसतं. म्हणून म्हटलं सुताराला, माणसात आण.

आणि वर आलो तेव्हा अर्धंच झालं होतं, वहिनी. खिडकीकडची बाजू गेली होती, दाराकडची जशीच्या तशी होती. त्यानं मशीन बंद केलं आणि विचारलं, ''साहेब, एवढंच ठेवू का?'' मी बघितलं. एकीकडे लख्ख, एकीकडे खरूज झाल्यासारखं. मी म्हटलं, आता अर्धवट चांगलं दिसणार नाही, उरलेलंही काढ.

मी म्हटलं. शुद्धीवर होतो.

दादा असता तर एक ठेवून दिली असती, प्रश्न मिटला असता.

थांबा, दार मी उघडतो, ते अडकतं. आत जाण्याआधी एक सांगायचं राहिलं. परवा लंबूचा फोन आला — आपला लंबू, जो ताटावर वाकला की खुर्ची मागे सरकवावी लागायची. आता केवढा मोठा माणूस, नव्या ग्रंथालयाला देणगी त्याची, उद्या फीत कापायलाही तोच. म्हणाला, ''बाकी काही बघायचं नाही मला, वहिनींच्या टेबलावरचं माझं नाव तेवढं बघायला येतोय.'' समितीतल्या एकानंही टेबल आधी नीट पाहिलेलं नाही. पाटी छापून आली होती, मीच लिहिलेली — येथे जेवलेल्या विद्यार्थ्यांनी स्वहस्ते कोरलेली नावे. आणि खाली टेबल कसं, तर आरशासारखं. मी काय करणार होतो?

हो. तीच. दिसली ना नावं तुम्हाला लांबूनही.

लंबू इथे. हा बोका, त्याच्या शेजारी मुनीम, इकडे दोघे जुळे. मुनीम दाराकडच्या बाजूला होता? असेल. मला आठवलं तसं केलं. सुताराला नव्हतं सांगितलं, त्यानं कुठेतरी बोलून दाखवलं असतं. मीच बसलो, घरून सुरी आणली. वर चहाचं पाणी चोळलं, जुनं दिसावं म्हणून. काय? अक्षर सगळ्यांचं सारखं दिसतंय? एकाच हाताचं आहे, वहिनी, सारखंच दिसणार.

आमच्या पेपरानं एकदा मंत्र्याच्या सभेच्या फोटोत जास्तीची गर्दी चिकटवली होती. मी संपादकाच्या तोंडावर राजीनामा फेकला होता — तुम्हीच तर म्हणाला होतात, बरं केलंत भाऊजी, खानावळ चालू आहे तोवर उपाशी राहणार नाही. माझा सबंध जन्म लोकांच्या खोट्यावर बोट ठेवण्यात गेला, त्यावर जेवलो मी. आणि आता हे.

उद्या तुम्हाला पहिल्या रांगेत बसवलंय. लंबू तुम्हाला हाताला धरून इथे आणेल, नावावर बोट ठेवेल, फोटो निघतील. तुम्ही काही खोटं बोलायचं नाही, मी तसं म्हणणार नाही. नुसतं गप्प राहायचं. आत्ता आहात तशा. लंबूलाही बरं वाटेल, गावाचीही शोभा राहील, आणि मी — माझं काय, माझं आता वय झालं. एवढं कराल ना?

वहिनी?

काय शोधताय? घासायचा कागद? तो तिथे असेल, सुतारानं कोपऱ्यात टाकलाय, फळकुटांवर. — थांबा, तुम्ही नका, मनगट दुखेल तुमचं. द्या इकडे, मी घासतो. मी कोरलं, मीच काढतो. द्या ना.

नको? बरं.

आणि लंबूला काय सांगायचं? — मी सांगायचं. हो. फीत कापायच्या आधी. बरं.

पाटीही काढून ठेवतो मग. तीही नको काढायला? राहू दे तशीच? कोऱ्या टेबलाच्या वर?

बरं. मी बाहेर बसतो. दार लोटून घेऊ?